रिकामी गोळी

ट्युनिस, बुधवार, १६ जानेवारी २०१९

खमीस,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू हे मबरूकावहिनीच्या अंगावर टाकशील आणि ती ते चहाच्या डब्यामागे ठेवून देईल. ठेवू दे. पण एक गोष्ट गावातल्या कुणाच्या तोंडून तुझ्या कानावर जाण्याआधी माझ्याकडून कळावी, म्हणून लिहिते आहे. चार वर्षांपूर्वी ज्या औषधासाठी तू जेर्ब्याहून इथवर आलास आणि मी तुला घेतलं नाही, ते औषध फुकट गेलं.

काल निकाल लागला. नऊ देशांतले अकराशे रुग्ण. अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना रिकामी. कुणाला कुठली हे त्यांनाही ठाऊक नाही, आम्हालाही नाही. काल पाकिटं फोडली. दोघांत काडीचा फरक नाही. खरी गोळी घेणारे जितके वाकले, जितके अडखळले, जितके पडले, तितकेच रिकामी घेणारे. पडद्यावर दोन रेघा काढून दाखवल्या होत्या, एक निळी, एक करडी. त्या इतक्या एकमेकींवर बसल्या होत्या की मागे बसलेल्या एका शिकाऊ मुलीनं विचारलं, "मॅडम, दुसरी रेघ कुठाय?" आमच्यात रडत नाहीत. आमच्यात निष्कर्ष लिहितात.

म्हणजे तुझं काही गेलं नाही. एवढं सांगायलाच हे पत्र.

तू त्या दिवशी काय काय बोललास ते मला पाठ आहे, आणि तू जे बोलला नाहीस तेही. आदल्या संध्याकाळच्या बसनं रात्रभर बसून आलास, सकाळी आठला माझ्या दाराबाहेरच्या बाकावर येऊन बसलास. उजवा हात खिशात घालून. मला म्हणालास, "तुझ्याकडे नवीन औषध आलंय म्हणे. फर्हातला घेतलंस. माझं नाव लिही." मी उभ्या उभ्या सांगितलं की संशोधन करणाऱ्याच्या नात्यातला माणूस चाचणीत चालत नाही, आणि मला बैठकीला जायचंय. तू म्हणालास, "फर्हात शेजारी म्हणून चालतो, मी भाऊ म्हणून चालत नाही. बरं झालं तू माझी शेजारीण नाहीस ते." नंतर चार तास तू तिथंच बसून होतास. जाताना दारवानाकडे सुकवलेल्या ऑक्टोपसची जुडी ठेवून गेलास. ती मी खाल्ली नाही, वरच्या मजल्यावरच्या बाईंना दिली. हे लिहायचं नव्हतं, लिहून गेले.

नियम मी केलेला नव्हता. तो सगळीकडे तसाच आहे.

सव्वीस वर्षं मी या एका रोगामागे आहे, या कंपवातामागे. लोक विचारतात, हाच का? मी बाबांचं सांगते. चहाचा पेला धरताना त्यांचा हात असा कापायचा की उम्मी पेला निम्माच भरायची, आणि तेच बाबा चाकावर बसून मातीला हात लावायचे की हात एकदम शांत. गाव म्हणायचं, मातीत बरकत आहे. मोठी झाल्यावर मला कारण कळलं. या रोगात हात स्वस्थ असला की कापतो, कामाला लागला की थांबतो. बरकत वगैरे काही नाही. ते कारण कळलं त्या दिवशी मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

पत्राचं उत्तर नको. गोळ्या वेळेवर घे. मांस खाल्ल्यावर लगेच घेऊ नकोस, लागू पडत नाहीत.

दलेंदा


ट्युनिस, मंगळवार, ५ फेब्रुवारी

खमीस,

फर्हात आला होता, शेवटच्या तपासणीला. तो गावात येऊन त्याच्या पद्धतीनं सांगेलच, त्याआधी माझ्या पद्धतीनं सांगते.

मी त्याला अदबीनं समोर बसवलं. म्हटलं, "सी फर्हात, तुम्हाला रिकामी गोळी मिळत होती."

"रिकामी म्हणजे?"

"म्हणजे औषध नसलेली. साखर आणि पीठ."

तो हसायला लागला. त्याला वाटलं मी चेष्टा करते आहे. मग म्हणाला, "पोरी, दोन वर्षं मी सुईत दोरा ओवलाय. माझ्या बायकोला विचार. फाटलेलं जाळं शिवलंय या हातांनी."

"ओवलात. ते खोटं नाही. आपल्याला औषध मिळतंय, कुणीतरी आपल्याकडे बघतंय, एवढ्यानंही डोक्यात थोडा रस सुटतो. तोच रस, जो या रोगात आटतो. तुमचा सुटला."

"मग झालं तर. तीच दे पुढं."

"आता देऊन उपयोग नाही, सी फर्हात. आता तुम्हाला माहीत झालं."

तो म्हणाला, "मग सांगितलंस कशाला?"

मी म्हटलं, कळण्याचा तुमचा हक्क आहे. तो म्हणाला, "माझ्या हक्काची भारी काळजी तुला. उद्या सुईत दोरा जाईल का, ते सांग." उठून त्यानं कोट घातला. बटणं खालीवर लागली. मी पुढं झाले तर हात झटकला आणि तशाच कोटानं गेला.

तुझ्याबद्दल मी विचारलं नव्हतं, त्यानंच सांगितलं. तू तीन वर्षांत एकही मोठा रांजण घडवलेला नाहीस. चाकावर बसत नाहीस. फक्त माती तुडवतोस, आणि तेही छताला दोर बांधून, दोर धरून. खाऱ्या पाण्यात कालवलेली माती कुठली आणि गोड्या पाण्यातली कुठली, हे अजून पायालाच कळतं म्हणे तुझ्या. दोनदा पडलास. एकदा भट्टीच्या तोंडाशी.

तो असंही म्हणाला की माझं पत्र चहाच्या डब्यामागेच आहे. "पण उघडलेलं आहे. उघडून परत चिकटपट्टी लावून ठेवलंय. तुझाच भाऊ तो."

म्हणून हे दुसरं लिहिते आहे.

दलेंदा


ट्युनिस, सोमवार, २५ फेब्रुवारी

खमीस,

यामिना इथं येऊन गेली. तुला तिनं शाळेच्या प्रशिक्षणाचं सांगितलं असेल. तसलं काही नव्हतं. तिनं मला गप्प राहायला सांगितलं होतं. मी सांगितलं, तुझ्या बाबांपासून मी आता काही लपवणार नाही. तर म्हणाली, "सांग. नाहीतरी ते तुझी पत्रं वाचत नाहीत." मी चिकटपट्टीबद्दल काही बोलले नाही.

काय उंच झाली आहे रे माझी भाची. आजोबांसारखी मान वाकडी करून ऐकते. शनिवारी दुपारी मी दार उघडलं तर हातात पिशवी घेऊन उभी. "अम्ती, आत घेतेस की मीही नात्यातली म्हणून चालत नाही?" हे कुणाकडून शिकली ते सांगायला नको.

मी मासे घालून कुसकुस केला. तिनं दोन घास खाल्ले आणि थाळी सरकवून म्हणाली, "माझं रक्त तपास."

मी तिला सगळं सांगितलं. आपल्या भागातल्या कितीतरी घराण्यांत रक्तातून उतरणारी एक खोट आहे, तिच्यामुळे हा कंपवात होतो. बापात असली तर प्रत्येक मुलात उतरायची शक्यता अर्धी. उतरली म्हणजे रोग होतोच असंही नाही, सत्तरीपर्यंत धडधाकट राहिलेले मी पाहिलेत. पण पुष्कळांना होतो. आणि आधी कळून करायचं काय? थांबवणारं औषध नाही. नुसतं ओझं.

"ऑगस्टमध्ये माझं लग्न आहे," ती म्हणाली. "नाजीला मी काय सांगू? बोटीचं इंजिन विकत घेताना तो चार वेळा उघडून बघतो. मी न बघताच जाऊ?"

"तो काही म्हणाला का?"

"तो काही म्हणत नाही. म्हणूनच."

मग तिनं विचारलं, "अम्ती, तू तुझं तपासलंस?"

"नाही," मी म्हटलं.

"तुझ्या हाताशी मशीन आणि तू तपासलं नाहीस?"

"नाही."

तिनं विश्वास ठेवला की नाही, माहीत नाही. ती भांडी घासायला उठली. माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "बाबांना आधी कळलं असतं, तर त्यांनी काय केलं असतं? कधी कधी मी वर्गात मुलांना गणित घालते आणि माझ्या डोक्यात हेच चालू असतं."

नळ चालू होता, मला ऐकू आलं नाही असं दाखवलं.

तिला सांगितलं, एक महिना विचार कर. ती काल दुपारी गेली.

दलेंदा


ट्युनिस, रविवार, १० मार्च

खमीस,

यामिनाशी मी खोटं बोलले. मी माझं तपासलेलं आहे. तुझंही.

२००३ मध्ये आपल्या गावी, गल्लालाला येऊन मी एकशे चाळीस जणांचं रक्त घेतलं होतं, आठवत असेल. बाबांच्या कार्यशाळेत टेबल मांडलं होतं. तू बाही वर सारलीस आणि म्हणालास, "घे, लहानपणापासून पीतच आली आहेस." सगळे हसले. मी प्रत्येकाला शब्द दिला होता, की नळीवर नाव नसेल, आकडा असेल. कुठला आकडा कुणाचा हे लिहिलेली वही कुलपात राहील. कुणाच्या रक्तात काय निघालं हे कुणालाच कळणार नाही, मलाही नाही. लोकांनी माझ्या नाही, बाबांच्या नावावर विश्वास ठेवला.

तीन वर्षांनी आपल्याकडच्या त्या खोटीची चाचणी आमच्या हाती आली. सगळ्या नळ्या तपासल्या. आकड्यांची यादी तयार झाली. वहीच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे होती. कपाट उघडायचं तर नोंदवहीत तारीख, कारण आणि सही. मी सही केली. कारण लिहिलं, पडताळणी. सप्टेंबरची दुपार होती, सगळे जेवायला गेले होते.

आधी माझा आकडा बघितला. माझ्यात नव्हती.

खमीस, मी हसले. एकटी, मोठ्यानं. खुर्चीवरून उठून खिडकीपाशी गेले, परत आले, परत गेले. दोनच मिनिटं असतील. पण त्या दोन मिनिटांत मला एक भाऊ आहे हे माझ्या ध्यानातसुद्धा नव्हतं.

मग खालची ओळ बघितली. आपण पाठोपाठ रक्त दिलं होतं, म्हणून तुझा आकडा माझ्या खालीच होता. तुझ्यात होती.

मी वही बंद केली. कपाटाला कुलूप लावलं. घरी गेले.

तेव्हा तू एकोणचाळीस वर्षांचा होतास. हाताला काही नव्हतं. त्यानंतर आठ वर्षं मी तुला बघत होते. ईदला, लग्नांना, उम्मीच्या मयतीला. चालताना तुझा उजवा हात हलतो का. डोळ्यांची उघडझाप कमी झाली का. तू विनोद सांगायचास आणि मी तुझ्या तोंडाचे स्नायू मोजत असायची. भट्टी बांधलीस तेव्हा, पाच चाकांची नवी जागा केलीस तेव्हा, फ्रान्सला, लियोंला कामाला बोलावणाऱ्या त्या दुकानदाराला नाही म्हणालास तेव्हाही मी बोलू शकले असते. म्हणू शकले असते, थांब, एवढं मोठं करू नकोस, तुझ्या हातांचा भरवसा नाही. मी मुबारक म्हणाले. मनाची समजूत घालत होते, सगळ्यांनाच होत नाही, त्याला होणार नाही. मी शास्त्रज्ञ. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मी त्याला खोलीबाहेर काढलं असतं.

आता बाकाचं.

नियम खरा होता. पण तो फक्त माझ्या केंद्रापुरता होता. तीच चाचणी स्फाक्समध्ये चालू होती. तिथले प्रमुख वेगळे, माझा संबंध नाही, तिथं तुला घेतलं असतं. तुला जवळही पडलं असतं. तुला सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

ते मी बोलले नाही, कारण तुझं नाव चाचणीत गेलं की तुझी जुनी नळी काढली असती, वही उघडली असती, आणि माझी नऊ वर्षांपूर्वीची सही कुणाला तरी दिसली असती. मला विभागप्रमुख होऊन सहाच महिने झाले होते.

त्या चार तासांतले दोन तास मी बैठकीत नव्हते. दार आतून लावून बसले होते. तू खोकलास की ऐकू येत होतं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, तुझं काही गेलं नाही. फर्हात बटणं चुकवून गेला तेव्हापासून ते वाक्य मला सुखानं बसू देत नाही. त्याला दोन वर्षं मिळाली. पिठाच्या गोळीवर मिळाली, पण मिळाली. तुलाही मिळाली असती. मी तुला रिकामी गोळीसुद्धा मिळू दिली नाही.

उद्या हेच सगळं संचालकांना लेखी देणार आहे. तुला आधी लिहिलं.

दलेंदा


गल्लाला, मंगळवार, २ एप्रिल

दलेंदा,

हे मी बोलतो आहे आणि यामिना लिहिते आहे. तिला सांगितलंय, मी बोलेन तेवढंच लिहायचं, शोभेचं काही घालायचं नाही. माझा आवाज आता इतका बारीक झालाय की ती तोंडाशी कान लावून बसली आहे. लहानपणी गोष्ट सांगताना बसायची तशी.

तुझं लांबलचक पत्र मबरूकानं वाचून दाखवलं. मध्ये मध्ये थांबून ती तुला शिव्या देत होती, म्हणून दोन दिवस लागले.

मला ठाऊक होतं.

मशीन नव्हतं माझ्याकडे. तू ती वही उघडलीस त्या वर्षीच्या ईदला आलीस. वाटेवरच्या जैतुनाच्या बारा झाडांवरून आपलं दोन वर्षं भांडण चालू होतं. मी म्हणायचो ती मला हवीत, तिथं भट्टी बांधायची आहे. तू वकिलाचं नाव काढायचीस, मी तुझा बाप काढायचो, तो माझाही होता. त्या ईदला मी पुन्हा विषय काढला. भांडायची तयारी करूनच बसलो होतो, तीन-चार चांगले टोमणे शोधून ठेवले होते. तू चहा खाली ठेवलास आणि म्हणालीस, "घे."

मबरूका खूश झाली. मी परसात जाऊन बसलो. माझी बहीण जिवंत माणसाला काही फुकट देत नाही.

त्यानंतर आठ वर्षं तू माझ्याशी एकदाही भांडली नाहीस. मी मीठ जास्त घातलं तरी छान म्हणालीस. मी मुद्दाम खोटं बोलायचो, तुला उचकवायला, तू मान डोलवायचीस. तुला वाटतं तू गप्प होतीस. तू ओरडून सांगत होतीस.

मी विचारलं नाही, ही माझी चूक. विचारलं नाही तर होणार नाही असं वाटलं. शास्त्रज्ञाचा भाऊ.

आधी कळलं असतं तर काय केलं असतं, असं माझी मुलगी तुला विचारते. बहुतेक तीच झाडं तोडली असती, तीच भट्टी बांधली असती. नाहीतर त्याच दिवशी विहिरीत उडी घेतली असती. किंवा लियोंला गेलो असतो आणि थंडीनं मेलो असतो. मला माहीत नाही. ते माझं मला कळायचं होतं. तू कळू दिलं नाहीस. त्याची माफी मी देत नाही. मागू नकोस.

बाकावरच्या चार तासांची देतो. तू घाबरली होतीस. घाबरणं मला आता कळतं. मी माझ्याच घरात संडासापर्यंत जायला घाबरतो.

(हे वाक्य मी गाळलं होतं. बाबांनी परत वाचायला लावलं आणि घालायला लावलं. यामिना.)

दोन मिनिटं हसलीस ते कशाला लिहिलंस? मीही हसलो असतो. दहा मिनिटं.

हिचं तपासायचं आहे. मी नको म्हणालो. रडेल वाटलं होतं, ती भांडली, मबरूका मध्ये पडली तर तिच्याशीही भांडली. कर तपासणी. पण कागद हिच्या आधी तू बघायचा नाहीस. आणि जे असेल ते मला त्याच दिवशी लिहायचं, चांगलं असो, वाईट असो. हिला विचारलंय. हो म्हणते.

फर्हात मेला नाही, पण बसला आहे. रोज सकाळी येतो आणि भट्टीजवळ बसून तुला नावं ठेवतो. मी ऐकतो. करमणूक होते.

खमीस


ट्युनिस, बुधवार, १९ जून

खमीस,

आजच लिहिते आहे. दुपारचे तीन वाजलेत. यामिनामध्ये आहे.

आता बाकीचं सांगते.

तपासणी मी केली नाही. त्या खोलीची किल्ली आता माझ्याकडे नाही. माझा कबुलीचा कागद पोचल्यावर चौकशी झाली, विभाग गेला, मी आता फक्त शिकवते. गावातल्या एकशे चाळीसही जणांना पत्रं गेलीत की तुमची वही कुणीतरी उघडली होती. 'कुणीतरी' हा शब्द बदलून माझं नाव घाला असं मी सांगितलं. त्यांनी बदलला नाही. तू सांग लोकांना.

यामिनाचं सगळं माझ्या सहकारी नैलानं केलं. आधी तिच्याशी तीनदा बोलली, तिसऱ्यांदा विचारलं, अजून परत फिरता येईल. यामिना म्हणाली, मी अकरा तास बसमध्ये बसून आले आहे. आज सकाळी अकराला आम्ही तिघी बसलो. पाकीट बंद होतं. यामिनानं ते स्वतः उघडलं, वाचलं, आणि माझ्यासमोर ठेवलं. मी तिच्या आधी बघितलं नाही.

ती रडली नाही. नैलाला म्हणाली, "म्हणजे बाबांचं आणि माझं एकच." नैला सांगत होती की होईलच असं नाही, पन्नाशीपर्यंत बहुधा काही होत नाही, दरम्यान औषधं निघतील. यामिना माझ्याकडे वळली. "अम्ती, निघतील?"

खमीस, या प्रश्नाचं उत्तर मी मंत्र्यांना दिलंय, देणगी देणाऱ्यांना दिलंय, टीव्हीवर दिलंय. सव्वीस वर्षं देते आहे. मी म्हटलं, "माहीत नाही."

ती म्हणाली, "बरं."

मग तिनं नाजीला फोन लावला. मी बाहेर जायला उठले, तर हात धरून बसवलं. तो अजीमच्या धक्क्यावर होता, बोटीचं इंजिन चालू. "मोठ्यानं बोल, काही ऐकू येत नाही!" ती परत बोलली. "काय?" शेवटी ती ओरडली, "माझ्यात आहे!" बाहेर रांगेत बसलेले लोक दारातून बघायला लागले. पलीकडे एकदम शांतता. मला वाटलं फोन ठेवला. नंतर कळलं, त्यानं इंजिन बंद केलं होतं. म्हणाला, "आता बोल."

"लोक खोळंबलेत ना तुझे?"

"खोळंबू दे. बोल."

ती मग रडली. तोही काही शहाणपणाचं बोलला नाही. जेवलीस का विचारलं. शेवटी म्हणाला, "तुझ्या बाबांना कोण सांगणार?" मला त्याच्याबद्दल आणखी काही माहीत नाही. आजपुरतं एवढं कळलं. पुढचं पुढं.

फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, "तूच लिही. मला तोंडानं जमणार नाही." म्हणून मी लिहिते आहे. हे पत्र आजच्या टपालात पडेल. पण तुझ्याआधी मबरूकानं वाचू नये असं वाटतं. तिला वाचताना तुझ्याजवळ बसायला सांग.

यामिना आत झोपली आहे. शनिवारी सकाळच्या गाडीनं आम्ही दोघी निघतो. तू मला ये म्हणालेला नाहीस. तरी येते.

एक सांगायचं राहिलं. ती आली की तिच्या हातांकडे बघू नकोस. सवय आहे आपल्या घराला, डोळे आपोआप तिकडं जातात. तू तोंडाकडे बघ. आज तिनं कागद माझ्यासमोर ठेवला, मी वाचला, आणि पहिल्यांदा तिच्या हातांकडे बघितलं. काही नव्हतं, सव्वीस वर्षांच्या पोरीचे चांगले हात, बोटांना खडूची पूड. पण मी बघितलं हे तिला कळलं. तिनं दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

दलेंदा